चुंबकावर तरंगणारा शाफ्ट : ब्लोअर घेण्यापूर्वी चार शब्द

सभासद बंधू-भगिनींनो,



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे सांडपाणी प्रकल्पासाठी नवा ब्लोअर घेण्याचा विषय येणार आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. सदर ब्लोअर मॅग्नेटिक बेअरिंगचा आहे. त्याला तेल नको, ग्रीस नको, त्याचा शाफ्ट कशालाही न टेकता चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतो, असे विक्रेत्याच्या प्रतिनिधीने गेस्ट हाऊसवर येऊन सांगितले. तेव्हापासून पारापारावर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, "झिजतच नाही म्हटल्यावर विचार कसला करता? घेऊन टाका." दुसरा म्हणतो, "असली जादूगिरी आपल्या कारखान्याला नको. जुनं आहे तेच बरं." मला या दोन्ही तटांशी थोडे भांडायचे आहे.

मी इंजिनिअर नव्हे. १९७९ साली पेणला एका वाइंडिंगच्या दुकानात उमेदवारीला लागलो. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड झाले ते १९८१ साली. पुढे रोह्याला धाटावच्या एम.आय.डी.सी.त मोटर-फिटर म्हणून चोवीस वर्षे काढली. वडील गेल्यावर वाटणीची जमीन कसायला घाटावर आलो आणि या कारखान्याचा सभासद झालो. मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते, १९२७ पासून तिथे त्याच्यावर वीज होते आणि तेच पाणी कुंडलिकेतून रोह्यावरून पुढे जाते. माझी वाट तेवढी उलटी झाली. सांगायचे एवढेच, की उसातले मला तुमच्याइतके कळत नाही; पण मोटरचा शाफ्ट आपली जागा सोडतो म्हणजे काय होते, ते मी हाताने पाहिलेले आहे.

मोटर आधी घासते, मग जळते

विजेच्या मोटरमध्ये बाहेरचा स्टेटर स्थिर असतो आणि आतला रोटर फिरतो. दोहोंमध्ये हवेची एक बारीक फट असते. लहान मोटरला ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, मोठ्याला एक-दोन मिलिमीटर. या वार्तापत्राचे पाच-सहा कागद एकावर एक ठेवा, म्हणजे अर्धा मिलिमीटर किती ते कळेल. तेवढ्या फटीत रोटर मिनिटाला १४८० फेरे फिरतो आणि कुठेही टेकत नाही. हे सांभाळण्याचे काम दोन टोकांच्या दोन बेअरिंगांचे.

पेणच्या दुकानात जळालेली मोटर आली, की आमचे उस्ताद वाइंडिंगला हात लावायच्या आधी रोटरची पाठ बघायला सांगत. एका बाजूला चकाकी दिसली, की म्हणत, "ही जळायच्या आधी घासलीय. बेअरिंग बघा." त्याचे कारण मला नंतर कळले. रोटर बरोबर मध्यावर असेल तर स्टेटरचे चुंबक त्याला चहूबाजूंनी सारखेच ओढते आणि सगळी ओढ एकमेकांत जिरते. पण बेअरिंग झिजून रोटर केसभर जरी एका अंगाला सरकला, तरी त्या अंगाची फट कमी होते आणि तिकडची ओढ वाढते. ओढ वाढली की बेअरिंगवरचा भार वाढतो, ते आणखी झिजते, रोटर आणखी सरकतो. बॉल बेअरिंगचा हिशेब तर फार कडक आहे. भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून सुरुवातीला महिनोन् महिने काही दिसत नाही आणि शेवटी एका रात्रीत सगळे आटोपते.

रोह्याला मी ज्या कारखान्यात होतो, तिथली एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. ती माणसे आता तिथे नाहीत. ऐन पावसाळा होता. एका मोठ्या पंपाच्या मोटरचा आवाज बदलला. रात्रपाळीच्या ऑइलमनच्या ते लक्षात आले. लिहायला वाचायला बेताचाच माणूस, पण कान तयार. त्याने लॉगबुकात लिहिले, 'पंप मोटर आवाज करते.' दुसऱ्या रात्री पुन्हा लिहिले. ते पान कोणी वाचले नाही. मीसुद्धा नाही. माझी दिवसपाळी होती, कामाची यादी मोठी होती आणि लॉगबुकावर सही करताना वरचा मजकूर वाचायची आमच्यात रीत नव्हती. तिसऱ्या रात्री रोटर स्टेटरला लागला, वाइंडिंग जळाले आणि तो विभाग तीन दिवस बंद पडला. चौकशी झाली. ग्रीस वेळेवर दिले नाही, असा ठपका ठेवून त्या ऑइलमनला घरी बसवले. माझ्या हातची ग्रीसची नोंद लॉगबुकात होती. ती मी चौकशीत दाखवली, पण फार मोठ्याने बोललो नाही. त्याचे मला अजून वाईट वाटते.

ही गोष्ट इथे एवढ्यासाठी सांगितली, की शाफ्ट सरकला आहे हे कळणारा माणूस तिथे हजर होता. त्याने ते सांगितलेही होते. ऐकून ठरवणारा आणि ठरवल्याप्रमाणे करणारा हजर नव्हता. मॅग्नेटिक बेअरिंगचे सगळे मर्म यातच आहे.

चुंबक आपोआप धरत नाही

पुष्कळांची समजूत अशी, की चुंबकाने शाफ्ट धरला म्हणजे तो आपोआप मध्यावर राहतो. तसे होत नाही. नुसत्या कायम चुंबकांच्या मांडणीने कोणतीही वस्तू अधांतरी स्थिर राहू शकत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४२ सालीच गणिताने दाखवून ठेवले आहे. कारण मघाचेच. लोखंड चुंबकाच्या जवळ गेले की ओढ वाढते, लांब गेले की कमी होते. फट निम्मी झाली की ओढ चौपट. म्हणजे जरा ढळले की ढळतच जायचे.

मग ते स्थिर कसे राहते? लहान मुले तळहातावर काठी उभी धरतात, ते आठवा. काठी स्वतःहून उभी राहत नाही. पोरगा तिच्या शेंड्याकडे डोळा लावून बसतो आणि ती जिकडे कलते तिकडे हात हलवतो. डोळा मिटला की काठी पडली. मॅग्नेटिक बेअरिंगमध्ये डोळ्याच्या जागी सेन्सर आहेत, डोक्याच्या जागी कंट्रोलर आणि हाताच्या जागी विद्युतचुंबक. शाफ्टच्या प्रत्येक टोकाला दोन दिशांनी मापन होते, आडवे आणि उभे. आणि मागेपुढे सरकण्याचे एक. अशा एकूण पाच दिशा सांभाळाव्या लागतात. सहावी हालचाल म्हणजे फिरणे, ती मोटरची.

सेन्सर शाफ्टची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात सांगतो. कंट्रोलर ती वाचून समोरासमोरच्या चुंबकांपैकी कोणाचा प्रवाह वाढवायचा आणि कोणाचा कमी करायचा ते ठरवतो. हे सेकंदाला दहा हजार वेळा आणि त्याहूनही जास्त चालते. असा ब्लोअर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला ५०० फेरे झाले. म्हणजे शाफ्टच्या एकेका फेऱ्यात किमान वीस वेळा त्याची जागा विचारली जाते आणि वीस वेळा ती दुरुस्त केली जाते.

कंट्रोलर कसा ठरवतो, तेही समजून घेण्यासारखे आहे. उसाला दारे धरणारा चांगला गडी काय करतो? पाणी बांधाला किती चढले ते बघतो. जितके जास्त, तितकी जास्त माती टाकतो. पाणी कोणत्या वेगाने चढते आहे तेही बघतो. झपाट्याने येत असेल तर काठोकाठ होण्याची वाट न पाहता आधीच फावडे मारतो. आणि एकाच जागी सारखे झिरपते आहे असे दिसले, तर तिथे कायमची माती घालतो. कंट्रोलरचे हेच तीन हिशेब असतात. शाफ्ट किती सरकला, किती वेगाने सरकतो आहे आणि किती वेळ एकाच बाजूला राहिला आहे. पहिल्याने शाफ्टला स्प्रिंगसारखा ताठपणा येतो, दुसऱ्याने थरथर जिरते, तिसऱ्याने शाफ्टचे रोजचे वजन उचलले जाते.

पण हे तीन हिशेब प्रमाणात बसवावे लागतात. ताठपणा वाजवीपेक्षा जास्त ठेवला तर कंट्रोलर स्वतःच शाफ्टला हलवू लागतो. दुरुस्ती उशिरा झाली तर तिचा परिणाम उलटा होतो. झोक्याला चुकीच्या वेळी धक्का दिला की तो थांबायच्या ऐवजी उंच जातो, तसे. शिवाय लांब शाफ्ट वेगात थोडा वाकतो. सेन्सर एका जागी आणि चुंबक दुसऱ्या जागी असल्याने कंट्रोलरला हे वाकणेही हिशेबात घ्यावे लागते. म्हणून ही जुळणी त्या त्या रोटरसाठी, त्या त्या पंख्यासाठी करावी लागते. नट आवळला आणि झाले, असे हे काम नव्हे.

ही जादू नव्हे, जुने शास्त्र आहे

दुसऱ्या तटाला सांगायचे ते असे. ही कालपरवाची गोष्ट नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात जेसी बीम्स या शास्त्रज्ञाने १९३० ते १९४०च्या दशकात चुंबकावर तरंगते रोटर फिरवले. फ्रान्समध्ये याच कामासाठी १९७६ साली 'एस टू एम' ही कंपनी निघाली. १९८८ साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनच्या वायूक्षेत्रावर १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून मोठे कॉम्प्रेसर आणि त्यांच्या मोटरी चुंबकी बेअरिंगवर बसवल्या गेल्या. आज मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रांत आणि शहरांच्या सांडपाणी केंद्रांत अशी यंत्रे चालतात. अशा यंत्राचा शाफ्ट किती हलला म्हणजे चांगला आणि किती हलला म्हणजे थांबवायचा, याचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. शाफ्टला हलायला जी कमीत कमी मोकळीक असते, तिच्या तीन दशांशाच्या आत हालचाल असेल तर नव्या यंत्राला उत्तम; निम्म्यावर गेली तर धोका.

फायदेही खरे आहेत. एवढ्या वेगात बॉल बेअरिंग लवकर खलास होते. इथे घासणारे काहीच नाही. आजकाल मोटरींना वेग बदलणारे ड्राइव्ह बसवतात. त्यामुळे शाफ्टमधून बेअरिंगमध्ये प्रवाह उतरतो आणि बेअरिंगच्या वाटीवर पट्टे पडतात. आपल्या वर्कशॉपमध्ये अशी बेअरिंगे तुम्ही पाहिली असतील. चुंबकी बेअरिंगला हा रोग नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे यंत्र आपल्या शाफ्टची जागा रात्रंदिवस मोजत असते. पंख्यावर धूळ बसून तोल बिघडू लागला, तर ते आठवडाभर आधी आकड्यात दिसू शकते.

पण भुलूही नका

आता पहिल्या तटाला. "घर्षण नाही म्हणजे वीज जवळजवळ फुकट" असे कोणी सांगितले तर मान डोलवू नका. विद्युतचुंबकांना, कंट्रोलरला आणि थंड ठेवण्याला वीज लागतेच. रोटरला हवाही रोखते. असल्या ब्लोअरची बचत मुख्यतः वेगवान पंखा आणि गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करण्याची सोय यांतून होते. म्हणून बचतीचा आकडा पत्रकातून न घेता आपल्याच टाकीवर, आपल्याच मीटरवर मोजून घ्यावा.

दुसरे, हे बेअरिंग कारखान्यात सगळीकडे लावावे असेही नव्हे. लोखंडाची चुंबक धरण्याची एक मर्यादा आहे. त्यामुळे आकाराच्या मानाने चुंबकी बेअरिंग तेलाच्या थरावरच्या बेअरिंगपेक्षा पुष्कळ कमी भार उचलते. उसाच्या मिलचा रोलर सावकाश फिरतो आणि त्याच्यावर प्रचंड दाब व धक्के येतात. तिथे गनमेटल आणि तेलच पाहिजे. सेंट्रिफ्यूगल मशीनमध्ये मासेक्विट कधी सारखे बसते, कधी एका अंगाला. तिथेही आहे तेच ठीक. भार हलका, वेग मोठा आणि चोवीस तास चालणे, असे काम असेल तिथे चुंबकी बेअरिंग शोभते. सांडपाण्याचा ब्लोअर नेमका तसा आहे.

तिसरे म्हणजे वीज गेली तर. प्रवाह बंद झाला की तरंगणारा शाफ्ट खाली पडणार. त्यासाठी आत साधी आधार-बेअरिंगे असतात. चुंबकाची फट अर्धा मिलिमीटर असेल, तर यांची साधारण निम्मी असते, म्हणजे शाफ्ट चुंबकाला लागायच्या आधी त्यांच्यावर उतरतो. पण पूर्ण वेगातली अशी उतरणी ही आधार-बेअरिंगे मोजक्याच वेळा सोसतात. म्हणून बॅटरी ठेवतात, किंवा मोटर थांबेपर्यंत तिचाच जनित्रासारखा उपयोग करून चुंबकांना वीज पुरवतात. आपल्याकडे हंगामात स्वतःची वीज असते. हंगाम संपल्यावर बाहेरच्या लाइनवर यावे लागते. वळवाच्या पावसात ती किती वेळा जाते, ते मी सांगायला नको.

माझे म्हणणे

तेव्हा माझे मत असे, की ब्लोअर घ्यावा. मात्र पुढील पाच गोष्टी करारात लिहून घेतल्याशिवाय घेऊ नये.

एक. कंट्रोलरची सगळी जुळणी, तिचे आकडे आणि आत शिरण्याचे सांकेतिक शब्द कारखान्याच्या ताब्यात यावेत. नाहीतर प्रत्येक बिघाडाला विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहत बसावे लागेल.

दोन. वीज गेल्यावर शाफ्ट सुरक्षित थांबतो, हे बसवणीच्या वेळी प्रत्यक्ष वीज तोडून दाखवावे.

तीन. शाफ्ट आधार-बेअरिंगवर किती वेळा उतरला त्याची नोंद ठेवावी. आधार-बेअरिंगचा एक जादा संच, एक सेन्सर आणि कंट्रोलरचे एक कार्ड स्टोअरमध्ये असावे.

चार. पॅनेलसाठी बंद, थंड खोली असावी. बगॅसचा भुसा आणि पावसाळी ओल ही इलेक्ट्रॉनिक कार्डांची वैरी आहेत. रोह्याच्या दमट हवेत कार्डे कशी जातात, ते मी पुष्कळ पाहिले आहे.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. आपले दोन वायरमन आणि एक फिटर, सभासदांच्या घरची मुले असली तर उत्तमच, विक्रेत्याच्या खर्चाने शिकून यावेत. रोज सकाळी त्यांनी शाफ्टच्या हालचालीचे आकडे वाचावेत, वहीत उतरावेत आणि चीफ इंजिनिअरनी ती वही वाचून सही करावी. वाचून, असे मी मुद्दाम लिहितो आहे. यंत्र सेकंदाला दहा हजार वेळा आपल्या शाफ्टची जागा सांगेल. पण आमच्या लॉगबुकासारखी ती वही कोणी उघडणार नसेल, तर तो खर्च वाया गेला म्हणून समजा.

आणि नवा ब्लोअर येईपर्यंत थांबायचे कारण नाही. या ओव्हरहॉलिंगमध्येच प्रत्येक मोठ्या मोटरची फट फीलर गेजने चार जागी मोजून लिहावी. कपलिंग डायल गेजने जुळवावे, पट्टे वाजवीपेक्षा जास्त ताणू नयेत, ग्रीस ठरल्या मापानेच द्यावे. फार ग्रीस भरल्यानेही बेअरिंग तापते. याला काही मोठा खर्च नाही.

काही सभासद म्हणतील, ब्लोअरसारख्या किरकोळ वस्तूवर एवढा कागद कशाला? ती वस्तू किरकोळ नाही. सांडपाण्याच्या टाकीतले जंतू हवेवर जगतात. ब्लोअर बंद पडला की ते मरतात, आणि नवे जंतू तयार होईपर्यंत घाण पाणी तसेच पुढे जाते. त्या खाली ओढा आहे, ओढ्याच्या काठाला विहिरी आहेत, आणि त्या आपल्याच सभासदांच्या आहेत. पाणी तांबडे झाल्याची तक्रार घेऊन ऑफिसात येणारा माणूस बाहेरचा नसतो. तोच हंगामात आपल्याला ऊस घालतो. त्याने एकदा सांगितले आणि कोणी ऐकले नाही, तर तो दुसऱ्यांदा सांगेल. तिसऱ्यांदा तो ऊस दुसरीकडे नेईल.

सभेला अवश्य या. विषय वाचला जाईल तेव्हा 'मंजूर, मंजूर' म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा : हे यंत्र जे सांगेल ते ऐकायला आपण कोणाला बसवणार आहोत? उत्तर नावानिशी मिळाले, तर खुशाल हात वर करा. माझाही हात वर असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद